धाकट्याची गोळी आणि माझा आवाज

दुष्काळाच्या सालची आठवण सांगतो म्हणलं की समोरचा माणूस लगेच चेहरा पाडून बसतो. त्याला आता भेगा पडलेली जमीन पाहिजे असते, बरगड्या निघालेलं जनावर पाहिजे असतं. तुम्ही पण तसाच चेहरा करून बसला असाल तर राहू द्या, उगी गाल दुखतील. आमच्याकडं जमीन नव्हती, जनावरही नव्हतं. उदगीरला आमचं भांड्याचं दुकान होतं आणि खरं सांगायचं तर त्या साली दुकान लई चाललं. ज्या घरात दोन घागरी होत्या तिथं सहा झाल्या. दोनशे लिटरचे निळे ड्रम, पाचशेच्या काळ्या टाक्या, पांढरे कॅन, सगळं, माल उतरवायच्या आत, विकलं जायचं. आमचे अप्पा टाकी विकायचे, गिऱ्हाईक वळलं की भिंतीवरच्या महादेवाकडं बघून दोन्ही कान धरायचे. लोकाच्या तहानेवर आपलं पोट चाललंय म्हणून. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक यायचं, मग कान सोडायला लागायचे.

आणि ही गोष्ट पाण्याची पण नाही. गोष्ट तीन कागदांची आहे. हसू नका, कागदांनी आमच्या घरात जेवढा धिंगाणा केला तेवढा टँकरनं पण केला नाही.

माझा धाकटा भाऊ तेव्हा चौथीत होता, मी आठवीत. धाकट्याला एका जागी बसवणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं. बसला तरी पाय चालू, पाय धरले तरी बोटं चालू, बोटं धरली तर तोंड. रिकाम्या टाक्या दिसल्या की वाजवायचा. ड्रमात उतरून वरून झाकण ओढून घ्यायचा आणि गिऱ्हाईकानं झाकण उघडलं की आतून म्हणायचा, "बोला मालक, काय दाखवू?" एक बाई तर ड्रम तिथंच टाकून पळाली होती. वस्तू हरवायचा. त्यातही कमाल अशी की चप्पल एकच हरवायची. दोन्ही गेल्या तर चोरी झाली म्हणता येतं, एकच गेली तर काय म्हणायचं? गणिताच्या पेपरात पहिली तीन गणितं बरोबर, आणि चौथ्याच्या जागी टँकरचं चित्र. चित्र मात्र झकास. मागून गळणारं पाणी सुद्धा काढलेलं.

मी वेगळा नग होतो. मला नकला यायच्या. मुख्याध्यापक, टँकरचा ड्रायव्हर, टीव्हीवरची बातम्या देणारी बाई, देवळातले स्वामी, कोणीही सांगा. ज्याला एकदा ऐकलं तो माझ्या घशात राहायला यायचा. म्हणून मुख्याध्यापकांनी धाकट्यापायी अप्पांना शाळेत बोलावून जे सांगितलं ते घरी मीच करून दाखवलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, "हे बघा शेठ, पोरगं हुशार असल, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्यामुळं बाकीचे चाळीस बिघडून राहिलेत. मे महिन्यात काय करायचं ते करा. न्हाईतर जूनमध्ये दाखला हातात देतो, दुसरी शाळा बघा."

आई हसता हसता थांबली. धाकटा मात्र हसतच होता, आणि हसत हसतच म्हणला, "म्या नालायक हाय ना, म्हणून." असं म्हणला की जसं कोणी सांगावं माझ्या पायाला सहा बोटं आहेत.

दुसरी शाळा म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं मी नसणार. मधल्या सुट्टीत त्याचा हरवलेला डबा शोधणारं कोणी नसणार. त्याला ते माहीत होतं. रात्री झोपेत सुद्धा त्यानं एकदोनदा "दाखला नको" म्हणलेलं आईनं ऐकलं.

मावशी नांदेडला राहायची. तिनं फोनवर सांगितलं की लेकरांच्या अशा गोष्टी बघणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत तिथं. अप्पांचं म्हणणं, थांबा जरा. तेव्हा आमच्याकडं उदगीर जिल्हा होणार, होणार, अशी हवा होती. हॉटेलात तेच, पानटपरीवर तेच. अप्पा म्हणले, "एकदा जिल्हा होऊ द्या. मोठा दवाखाना इथंच येतंय. नांदेडला कशाला जायचं?"

आई म्हणली, "जिल्हा व्हईस्तोर लेकरू दाढी करायला लागल."

गेलो. जळकोट, जांब, कंधार करत एसटी निघाली. गाडीत सुद्धा दोन माणसं जिल्ह्यावरून भांडत होती, एकाला वाटायचं कलेक्टरचं ऑफिस देगलूर रस्त्याला पाहिजे, दुसऱ्याला वाटायचं नळेगाव रस्त्याला. नसलेल्या ऑफिसच्या जागेवरून त्यांचं एवढं पेटलं की कंडक्टरनं दोघांना वेगवेगळ्या बाकड्यावर बसवलं. मावशीच्या घरी नळाला पाणी होतं. तिथं धाकट्यानं नळ चालू-बंद, चालू-बंद केला आणि मावशीनं लगेच "बघा, हेच ते लक्षण" म्हणून बोट दाखवलं. खरं सांगू? ती तिकडं वळल्यावर मी पण दोनदा करून बघितला.

डॉक्टरबाई हळू बोलणाऱ्या होत्या. "बसा हं. आपण बघू या." धाकट्याशी बोलल्या, त्याला चित्र काढायला दिलं, आईअप्पांना पन्नास प्रश्न विचारले, मावशीनं आधीच पाठवलेला, शाळेनं भरून दिलेला फॉर्म वाचला. मग म्हणाल्या की ह्याला एडीएचडी म्हणतात.

अप्पा एकदम सरळ झाले. "एचडी? म्हंजे टीव्हीला असतंय ते?"

"नाही हो," त्या हसल्या, "लक्ष टिकवायला त्रास होतो, आणि अंगात थांबणं नसतं."

"मंग आमचं पोरगं साधं न्हाई, एचडी हाय," असं मी हळूच म्हणलं आणि आईनं चिमटा काढला.

बाईंनी धाकट्याचं वजन केलं, एक महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि स्वतः टाइप करून झेरॉक्स काढलेला एक कागद दिला. म्हणाल्या, "लगेच सुरू करायलाच पाहिजे असं नाही. हा कागद दोघांनी नीट वाचा, मग ठरवा. शंका आली तर फोन करा. कितीही बारीक शंका असू दे. सुरू केलीत तर महिन्यानं दाखवायला या." बाहेर पडताना दाराजवळच्या स्टँडवर चकचकीत माहितीपत्रकं लावलेली होती, त्यातलं एक आईनं उचललं. फुकट दिसलं की आई उचलायचीच. असे दोन कागद झाले. तिसरा उदगीरला आपोआप आला.

अप्पांना आकडे लांबून दिसायचे, अक्षरं जवळून पण दिसायची नाहीत, आणि चष्म्याची त्यांना लाज. त्यामुळं वाचायचं काम माझं. दुपारी एक ते चार बाजारात कुत्रं नसायचं. कूलर चालू असायचा, पण त्यात टाकायला पाणी कुठलं, म्हणून तो नुसती गरम हवा मारायचा आणि खडखड वाजायचा. अप्पा गादीवर आडवे, आई लसूण सोलत बसलेली, धाकटा टाक्यांच्या मागं कुठंतरी. त्या दुपारी आठवल्या की अजून नाकात प्लास्टिकचा वास येतो. नव्या टाकीचा, उन्हात तापलेला. मला तो वास कुठं आला तर मी दोन मिनिटं उगीच थांबतो.

"वाच रे," अप्पा म्हणले.

मी चकचकीत पत्रक घेतलं, घसा साफ केला आणि टीव्हीवरच्या साबण विकणाऱ्या बाईच्या आवाजात सुरू केलं. "आपलं मूल सतत चुळबूळ करतं का? आपलं मूल वस्तू हरवतं का? आपलं मूल मध्येच बोलतं का?" प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'का?' आणि प्रत्येक 'का?' ला मी मान वाकडी करायचो.

आई म्हणली, "हे तर गल्लीतल्या समद्याच लेकरायला लागू हाय."

अप्पा म्हणले, "लेकरायला काय, चाचाला बी लागू हाय." चाचा म्हणजे आमच्या शेजारचे दुकानदार, त्यांची ओळख पुढं येतेच.

आत दोन फोटो होते. पहिल्यात एक पोरगं, वही फाटलेली, तोंड वाकडं. दुसऱ्यात तेच पोरगं हातात ढाल घेऊन हसतंय. अप्पांनी पत्रक हातात घेऊन लांब धरलं. बराच वेळ बघितलं. "पयल्या फोटूत ह्याचे केस इंचरले न्हाईत. दुसऱ्यात इंचरलेत. गोळीनं केस बी इंचरतात काय?"

मी पुढं वाचलं, "वेळीच उपचार न केल्यास मूल अभ्यासात मागे पडू शकतं, मित्र गमावू शकतं, पुढं आयुष्यभर..."

"थांब," अप्पा उठून बसले. "हे तर मी बोलतो."

"तुम्ही?"

"हाव की. 'आज न्या, उद्या टाकी मिळती का न्हाई सांगता येत न्हाई.' गिऱ्हाईकाला टाकी आधी दाखवायची नसते रे. आधी तहान दाखवायची. मग ते आपल्या पायानं टाकीकडं येतंय." त्यांनी पत्रक उलटं केलं. मागं खाली कोपऱ्यात कंपनीची खूण होती. "हे बघ. दुकानाचा बोर्ड मागच्या बाजूला लावलाय."

सातवी शिकलेल्या, अक्षर न दिसणाऱ्या माणसानं ते कोपऱ्यातलं बारीक चिन्ह शोधलं, जे मला दिसलं पण नव्हतं. तेव्हा मला फक्त मजा वाटली, कारण मला नवा आयटम मिळाला होता.

तो आयटम मी टँकरच्या रांगेत केला. बायका घागरी लावून बसायच्या, टँकर कधी येईल पत्ता नसायचा, मग माझी नक्कल म्हणजे फुकटचा सिनेमा. मी साबणवाली बाई व्हायचो आणि धाकटा पत्रकातलं पोरगं व्हायचा. मी म्हणायचो, "आपलं मूल धावतं का?" की धाकटा रांगेभोवती फेरी मारायचा. मग मी वाचलं, "आपल्या मुलाला आपली पाळी येईपर्यंत थांबणं अवघड जातं का?"

पहिली बाई तोंडावर पदर घेऊन हसली, मग दुसरी, मग सगळी रांग. आमच्याकडं रांगेत 'नंबर' लागतो. पाळी बायकांना येते. मला हसण्याचं कारण नीट कळलं नव्हतं, पण हशा आला म्हणून ते वाक्य मी तीनदा वाचलं. आणि त्याच जोरावर पुढचं वाचलं, "आपल्या मुलाला औषध द्यायला घाबरू नका!"

हशा गप्पकन थांबला. एक म्हातारी उठली आणि तिनं माझ्या हातातलं पत्रक हिसकून घेतलं. "काय अभद्र बोलूलालास रे तोंडानं? लेकराला औषध दी म्हणतूस?"

इथं तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्याकडं औषध म्हणजे फवारायचं. पंपात भरायचं, कपाशीवर मारायचं. तापाला असते ती गोळी, खोकल्याला असते ती बाटली, आणि सगळ्याला मिळून दवा. 'अमक्यानं औषध घेतलं' असं कोणी सांगत आलं की बाया हातातलं काम टाकून रडत निघायच्या. ज्या कोणी ते पत्रक मराठीत लिहिलं त्याच्या गावात औषधानं माणूस बरा होत असणार. आमच्या रांगेत त्या एका शब्दानं सगळ्या चकचकीत कागदाची माती केली. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, भांडेवाल्याच्या धाकट्याला औषध द्यायला सांगितलंय नांदेडला. आई दोन दिवस कोणाकडं मान वर करून बघायची नाही.

मग चाचा आले. त्यांचं दुकान आमच्या भिंतीला लागून, फवारणीच्या औषधांचंच. पीकच नव्हतं तर फवारणार काय, म्हणून ते सकाळपासून पेपर वाचायचे, जाहिराती सुद्धा. त्यांनी पुरवणीचं एक पान फाडून आणलं. "देखो शेठ, पेपर में आया है. बच्चे को कुछ मत देना. ए नकलची, पढ़."

तिसरा कागद हा. वर मोठ्या अक्षरात, 'तुमच्या मुलाला गुंगीत ठेवलं जातंय का?' मी लगेच टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकेतला माणूस झालो, दोन्ही हात खिशात, आवाज पोटातून. एका शहरातल्या एका आईची कहाणी होती, कंसात नाव बदललं आहे. तिचं खेळकर लेकरू गोळीनंतर कसं पुतळ्यासारखं बसायचं. मी 'पुतळ्यासारखं' म्हणताना एवढा थांबलो की कूलर सुद्धा थांबल्यासारखा वाटला. लेखात एकाही डॉक्टरला काही विचारलेलं नव्हतं. शेवटी पुन्हा एक प्रश्न, आपण आपल्या मुलांचं बालपण विकत तर नाही ना?

आज ते पान आठवलं की कळतं, चकचकीत पत्रकात पण 'का?' होतं आणि पेपरात पण 'का?' होतं. दोघं आपल्याला विचारतायत असं दाखवायचे आणि आपल्याच तोंडून 'हो' काढून घ्यायचे. एक गोळी विकायचा, दुसरा भीती. पण पेपरवाल्याची भीती अप्पांनी ओळखली नाही, कारण तो माल आमच्या दुकानात नव्हता. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्या आवाजानं आलं हे मला तेव्हा लई भारी वाटलं.

"न्हाई द्यायची गोळी," अप्पा म्हणले. नांदेडहून आणलेलं गोळ्यांचं पाकीट गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात गेलं. "जिल्हा झाल्यावर बघू."

"अन् दाखला?" आईनं विचारलं. अप्पांनी कप्पा ढकलून बंद केला.

बाईंचा कागद राहिलाच होता. तो पण मी वाचून दाखवला, नाही असं नाही. पण त्याला आवाजच लागेना. "काही मुलांमध्ये या गोळीने फरक पडतो. सर्वांमध्ये पडतोच असं नाही. सुरुवातीला भूक कमी होऊ शकते. तसं झाल्यास आम्हाला कळवा, आपण वेळ किंवा मात्रा बदलून बघू." काही, बहुतेक, शक्यतो, बघू. कुठं थांबावं, कुठं मान वाकडी करावी, काहीच नाही. चौथ्या ओळीला अप्पा घोरायला लागले. पाचव्या ओळीला मी पण जांभई देऊन कागद घडी केला.

मे अर्धा संपला असेल. एका दुपारी गोदामात पाचशेच्या टाकीतून आवाज आला, "दादा, ते नांदेडच्या बाईचं कागद हाय का रे?"

"हाय. का?"

"वाच की."

"तुला रे काय करायचंय?"

"माझंच हाय ना ते." टाकीत आवाज घुमायचा, त्यामुळं तो एवढासा पोरगा मोठ्या माणसासारखा वाटला.

मी टाकीला पाठ लावून बसलो आणि वाचायला लागलो. मध्येच तो म्हणला, "नक्कल करू नको. नीट वाच." मग मी नीट वाचलं. जिथं मी जांभई दिली होती त्याच्या पुढं लिहिलेलं होतं, "मूल हे मुद्दाम करत नाही. हा आळस नाही, उर्मटपणा नाही. त्यालाही थांबायचं असतं, पण थांबणं त्याला जमत नाही. हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगा."

आत बोटांचं वाजवणं चालू होतं. ते थांबलं नाही. फक्त हळू झालं.

"परत वाच."

वाचलं.

"म्हंजे म्या मुद्दाम करत न्हाई?"

"न्हाई म्हणून लिवलंय."

"बाईनं लिवलंय?"

"हाव."

"परत एकदा वाच."

चारदा वाचलं. मग झाकण सरकलं, डोकं बाहेर आलं, घामानं भिजलेलं. "मंग मला दे की गोळी. शाळेत ऱ्हायचंय मला."

"अप्पा न्हाई म्हणतात."

त्यानं एक सेकंद विचार केला. त्याचा विचार नेहमी एक सेकंदाचाच असायचा. "तू बाई हो की. फोनवर."

मला नको म्हणायचं होतं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्या घशात बाई केव्हाच येऊन बसल्या होत्या. माझा आवाज तेव्हा अर्धा फुटलेला होता, पण हळू बोललं की जमायचं. मित्राचा मोबाइल घेतला आणि दुकानाच्या जुन्या लँडलाइनला फोन लावला.

"नमस्कार. नांदेडहून बोलतेय. बाळाचं काय ठरवलंत?"

अप्पा उभे राहिले असणार. मोठ्या माणसाचा फोन आला की ते उभे राहायचे. "बाई, नमस्कार. ते औषध आम्ही..."

"दवा म्हणा हो," मी म्हणलो. रांगेतल्या म्हातारीनं मला शिकवलं होतं ते. "साधी गोळी आहे. सकाळी नाश्ता झाल्यावर. ते पेपरमधलं वाचून घाबरू नका, त्यांनी कोणत्या डॉक्टरला विचारलंय का?"

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग अगदी बारीक आवाजात, दुकानात ते कधीच काढत नाहीत अशा आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, एकच इचारतो. आधीच लेकरू काडी हाय. गोळीनं भूक मरती असं कोणी म्हणतंय. खरं हाय का?"

उत्तर माझ्या खिशात घडी करून ठेवलेलं होतं. 'भूक कमी होऊ शकते. तसं झाल्यास कळवा.' पण ते म्हणलं तर अप्पा गोळी कप्प्यातून काढणार नाहीत, हे मला दिसत होतं. आणि मला सौदा तुटू द्यायचा नव्हता. मी अप्पांचाच पोरगा.

"काही होत नाही," मी म्हणलो. "बिनधास्त द्या."

दुसऱ्या दिवशी गोळी सुरू झाली. धाकटा पुतळा झाला नाही, सांगतो. टाकी वाजवायचाच. पण आठवड्याभरात त्यानं शुद्धलेखनाचं एक अख्खं पान लिहिलं, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि ते घेऊन सगळ्या बाजारात फिरला. चाचांनी पान चष्मा लावून तपासलं आणि एक चूक काढली. चपला दोन्ही पायात घरी यायला लागल्या.

आणि ताटात भाकरी राहायला लागली. आधी अर्धी, मग अख्खी. दुपारचं तर खायचाच नाही. आई घाबरली. अप्पा म्हणले, "गोळीनं न्हाई, बाई म्हणल्यात मला, काही होत न्हाई. टँकरच्या पाण्याचं असल." मग पाणी उकळायला लागले. आईनं मीठमिरच्या ओवाळल्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं जंताची गोळी दिली. धाकट्याचे खांदे सदऱ्यातून हँगरसारखे दिसायला लागले. मला माहीत होतं कशानं होतंय. कागद माझ्याच खिशात होता. रोज वाटायचं, आज सांगू. पण सांगायचं म्हणजे फोनचं सांगायला लागणार, म्हणून मी त्याच्या ताटातली भाकरी पण खाऊन टाकायचो, आईला दिसू नये म्हणून.

महिन्यानं नांदेड. बाईंनी धाकट्याला काट्यावर उभं केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "एवढं वजन उतरलं? अहो, फोन का नाही केलात?"

अप्पा हात जोडून म्हणले, "बाई, तुम्हीच तर फोनवर म्हणलात काही होत न्हाई म्हणून."

"मी? मी कधी फोन केला तुम्हाला?"

धाकटा माझ्याकडं बघायला लागला. लपवाछपवी त्याला कधी जमलीच नाही. मग आईनं माझ्याकडं बघितलं, मग अप्पांनी. मला फोनचं, कागदाचं आणि ताटातल्या भाकरीचं सगळं सांगायला लागलं.

बाईंनी आधी धाकट्याचं काम केलं. मात्रा कमी केली, गोळीच्या आधी पोटभर भाकरी, संध्याकाळी भूक येईल तेव्हा पुन्हा जेवण, पंधरा दिवसांनी वजन कळवायचं. मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली की ह्याला पहिल्या बाकावर बसवा आणि अधूनमधून फळा पुसायला उठवा, आणि दिवाळीपर्यंत तरी दाखला देऊ नका. ती चिठ्ठी चालली. धाकटा त्याच शाळेतून दहावी झाला. आता नांदेडलाच शिकतो, आणि अजून एकच चप्पल हरवतो, पण वर्षातून एकदा.

चिठ्ठीवर सही करून बाईंनी पेनाला टोपण लावलं. "म्हण बघू, फोनवर काय म्हणालास ते. माझ्याच आवाजात म्हण."

मी म्हणलो नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. शेवटी बारीक आवाजात म्हणलो, "काही होत नाही, बिनधास्त द्या."

त्या हसल्या नाहीत. "आवाज जमलाय. पण हे वाक्य मी दिवसभरात एकदाही बोलत नाही. का बोलत नाही, माहितीये? कारण एकदा 'काही होत नाही' म्हणलं की काही झाल्यावर माणूस मला सांगायलाच येत नाही. तुझे वडील महिनाभर पाणी उकळत बसले. तो कागद मी चार वेळा बदलून लिहिलाय, कळलं? एकेक 'कदाचित' विचार करून घातलाय. तुला कंटाळवाणा वाटला असेल. वाटू दे. तुझ्या भावाचं पोट त्या एका ओळीवर होतं, आणि तू नेमकी तीच ओळ खाल्लीस."

आई रडत होती. अप्पांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. बसस्टँडवर आल्यावर त्यांनी आईला आणि धाकट्याला रसवंतीच्या बाकड्यावर बसवलं, मला गाडीच्या मागं नेलं. मला वाटलं आता बसणार एक कानाखाली. त्यांनी हात उचलला नाही.

"म्या त्या बाईला एकच इचारलं हुतं," ते म्हणले. "एकच. जे बापाला झोप येऊ देत न्हाई ते इचारलं. अन् तू माझ्याच लेकानं मला गिऱ्हाईक केलास. लेकरू समोर उपाशी उठत हुतं, माय मिरच्या ओवाळत हुती, अन् तू बाजूला बसून त्याच्या ताटातली भाकरी खात हुतास. घशाखाली कशी उतरली रे? आँ? मान खाली घालू नको, हिकडं बघ. लई आवाज हायत ना तुझ्याकडं? मास्तरचा हाय, ड्रायव्हरचा हाय, डॉक्टरबाईचा हाय. मंग काढ की आता एखादा. काढ. बोल की!"